माशात किती साठतं: ओईसीडी ३०५ चाचणी जिथे करून घेतली त्या प्रयोगशाळेबद्दल

पाचपैकी साडेतीन. चाचणीची दुसरी फेरी एकटीच झाली असती तर पाचही दिले असते. दीड गुण पहिल्या फेरीत गेला, आणि तो जायलाच हवा होता.

मी लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कंपनीत परदेशी नोंदण्यांचं काम बघते. आमचं एक उत्पादन प्लास्टिकमध्ये मिसळतात, उन्हाने ते पिवळं पडू नये म्हणून. युरोपात ते वर्षाला शंभर टनांच्या वर जायला लागलं, आणि तिथल्या रीच कायद्याप्रमाणे पुढच्या चाचण्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक: हे रसायन पाण्यातल्या जिवात, शक्यतो माशात, साठतं का? ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने ठरवून दिलेली ३०५ क्रमांकाची चाचणी ती हीच. माशांवरची चाचणी असल्यामुळे मनाला येईल तेव्हा सुरू करता येत नाही. आधी हेलसिंकीच्या युरोपीय रसायन संस्थेला प्रस्ताव द्यायचा, त्यांचा निर्णय यायचा, मग मुदतीत अहवाल. आमचा निर्णय आला, मुदत पडली आणि मी प्रयोगशाळा शोधायला लागले.

प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही, गोपनीयतेच्या करारावर मी सही केली आहे. भारतातलीच आहे, रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी पोचता येतं. हे लिहितेय ते माझ्यासारखं काम करणाऱ्यांसाठी. कोटेशन मागवताना काय विचारायचं, हे मला कुणी सांगितलं असतं तर एक फेरी वाचली असती, आणि शंभरावर मासेही.

सगळ्यांत आधी बघायचं ते जीएलपी, म्हणजे चांगल्या प्रयोगशाळा-पद्धतीचं, प्रमाणपत्र, आणि ते नुसतं आहे की नाही एवढ्यावर थांबायचं नाही. आपल्याकडे विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखालचं राष्ट्रीय जीएलपी प्राधिकरण हे प्रमाणपत्र देतं. २०११ पासून भारत ओईसीडीच्या परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण सहभागी आहे, म्हणून जीएलपीखाली इथे झालेली चाचणी केवळ भारतात झाली म्हणून युरोपात नाकारता येत नाही. पण प्रमाणपत्रावर कामाचे प्रकार वेगवेगळे लिहिलेले असतात. जलचरांवरची विषारकता हा एक प्रकार. पाणी, माती, हवा यांतलं रसायनाचं वर्तन आणि जैवसंचयन (जिवात साठणं) हा दुसरा. मी विचारलेल्या एका ठिकाणी पहिला होता, दुसरा नव्हता. तरी कोटेशन मात्र आलं होतं! तिथे काम दिलं असतं तर अहवालाची किंमत कागदाएवढीच राहिली असती. ज्यांना काम दिलं त्यांच्याकडे दोन्ही होते.

आता चाचणी काय असते ते थोडक्यात. वाहत्या पाण्याच्या टाकीत मासे ठेवायचे आणि पाण्यात रसायनाची अगदी बारीक मात्रा सतत एकसारखी ठेवायची. आमच्या बाबतीत लिटरला एक मायक्रोग्रॅम. साधारण २८ दिवस मासे त्या पाण्यात राहतात, ठरलेल्या दिवशी थोडे थोडे काढून त्यांच्यात किती उतरलं ते मोजतात. मग उरलेले मासे स्वच्छ पाण्यात हलवायचे आणि साठलेलं किती वेगाने बाहेर पडतं ते बघायचं. शेजारी तसेच मासे साध्या पाण्यात, तुलनेसाठी. माशातली मात्रा भागिले पाण्यातली मात्रा म्हणजे बीसीएफ. युरोपात हा आकडा २००० च्या वर गेला की पदार्थ जैवसंचयी ठरतो, ५००० च्या वर गेला की अति-जैवसंचयी.

मासा कुठला घ्यायचा याला पर्याय आहेत: झेब्राफिश, ट्राउट, मेडाका, गप्पी. आमच्यासाठी कार्प घेतला, तोच आपल्या शेततळ्यांत सोडतात तो सायप्रिनस. या माशाचा या चाचणीशी जुना संबंध आहे. १९६८ साली जपानमध्ये कोंड्याच्या तेलात पीसीबी नावाचं औद्योगिक रसायन मिसळलं गेलं आणि ते तेल खाऊन हजारो माणसं आजारी पडली. त्यानंतर १९७३ साली जपानने कायदा केला की नवीन रसायन बाजारात आणण्याआधी ते निसर्गात मोडतं का आणि माशात साठतं का, हे तपासायचं. तिथे ही तपासणी कार्पवरच रुळली. जपानच्याच मिनामाटाच्या खाडीतला कारखान्याचा पारा त्याआधीच माशांतून माणसांत गेलेला होता. मला हा इतिहास कामापुरता माहीत होता. टाकीसमोर उभी राहिले तेव्हा तो खरा वाटायला लागला.

पहिली फेरी.

कागदोपत्री सगळं नीट होतं. आमचा रेणू पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात चटकन शिरतो. प्रयोगशाळेने द्रावक न वापरता काचेच्या मण्यांवर आमच्या पदार्थाचा थर देऊन त्यावरून पाणी सोडलं आणि त्या पाण्यातून मात्रा साधली. हे कष्टाचं काम आहे आणि त्यांना ते छान जमलं होतं. पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाची रीडिंग आली, एकच्या अगदी जवळ. मी निश्चिंत झाले.

मग शांतता. सातव्या दिवसाचा आकडा आला नाही, दहाव्याचा आला नाही. मेल केला की उत्तर यायचं, ‘ॲनालिसिस सुरू आहे.’ बाराव्या दिवशी संध्याकाळी स्टडी डायरेक्टरांचा फोन आला. सातव्या आणि दहाव्या दिवसाचं पाणी एकत्रच तपासायला लावलं होतं, आणि दोन्ही वेळची मात्रा ०.६ च्या आसपास होती. नियम असा की पाण्यातली मात्रा सरासरीच्या वीस टक्के वरखालीच राहिली पाहिजे. फेरी बाद.

मी दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीत बसले. कारण सापडायला तास लागला नाही, ते लॉगबुकात लिहिलेलंच होतं. पाचव्या दिवशी रात्री मिश्रणाच्या भांड्यापासून टाकीकडे जाणाऱ्या टेफ्लॉनच्या नळीचा जोड गळायला लागला. रात्रपाळीच्या मुलाने गळती थांबवायला हाताशी होती ती सिलिकॉनची नळी लावली, सुमारे दीड मीटर. त्याने ते वेळेसकट, सहीसकट नोंदवलं होतं. त्या मुलाची काहीही चूक मी मानत नाही. टाकी कोरडी पडली असती तर सगळे मासे गेले असते. पण आमच्यासारख्या तेलकट रेणूला सिलिकॉन म्हणजे स्पंज. जे माशापर्यंत जायचं ते नळीतच मुरत होतं. काच, टेफ्लॉन, स्टेनलेस स्टील हेच वापरा, मऊ प्लास्टिकची नळी कमीत कमी ठेवा, हे ओईसीडीच्या मार्गदर्शिकेतच आहे. माझी तक्रार दोन गोष्टींची. लॉगबुकातली ती ओळ सकाळी कुणी वरिष्ठाने वाचली नाही. आणि पाण्याचे नमुने त्याच दिवशी न तपासता फ्रीजमध्ये साठवले. सातव्या दिवशीच आकडा काढला असता तर निदान पाच दिवस आधी कळलं असतं.

एकशे दहा मासे होते. ते मारावे लागले, त्यांचा दुसरीकडे उपयोग करता येत नाही. मी भोयांच्या घरातली. माझ्या वडिलांची दाभोळ खाडीत होडी होती, आई अजून चिपळूणच्या बाजारात मासळी घेऊन बसते. मासा मारणं मला नवीन नाही. पण घरात एकही मासा वाया गेलेला मी पाहिला नाही. उरलेला सुकवायचा, डोकं-शेपूट कालवणात जायचं. आणि इथे एकशे दहा मासे एका नळीपायी गेले, त्यांच्यातून एकही आकडा मिळाला नाही. प्राण्यांवर चाचणी करायची तर प्रत्येक जीव मोजणीत यावा, एवढं तर आपण त्यांचं देणं लागतोच. मी हे मीटिंगमध्ये तसंच बोलले. कुणी वाद घातला नाही.

दुसऱ्या फेरीचा खर्च प्रयोगशाळेने उचलला. वेळ मात्र आमचा गेला. नवीन मासे आणायचे, त्यांना त्याच पाण्यात आणि तापमानात किमान दोन आठवडे रुळवायचं, त्या काळात मरतुक जास्त झाली तर तो लॉटच सोडायचा, शिवाय प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी पुन्हा. अडीच महिने गेले. तुम्ही करार करत असाल तर फेरी बाद झाल्यास पैसे कोण देणार आणि मुदत कोण सांभाळणार, ही दोन कलमं वेगवेगळी लिहून घ्या. आमच्या करारात पहिलं होतं, दुसरं नव्हतं. आणि कोटेशनमध्ये रसायन मोजण्याची पद्धत बसवण्याचा खर्च धरलाय का, तेही विचारा. आम्हाला तो वेगळा लागला आणि तो किरकोळ नव्हता.

दुसऱ्या फेरीला मी अट घातली: पाण्याचा नमुना ज्या दिवशी काढला त्याच दिवशी तपासायचा आणि रात्री आठच्या आत मला आकडा पाठवायचा. त्यांनी ती शेवटपर्यंत पाळली. अठ्ठावीस दिवसांत मात्रा ०.९१ च्या खाली गेली नाही, १.०८ च्या वर गेली नाही. रोज रात्री फोन वाजला की मी भाकरी थापता थापता बघायचे.

चौदाव्या दिवशीच्या नमुन्याला मी स्वतः हजर होते. ते काम ज्या हाताने झालं, त्याबद्दल लिहायलाच हवं. मत्स्य विभागात काम करणाऱ्या ताई साधारण माझ्याच वयाच्या, साताऱ्याकडच्या. सकाळी खाद्य टाकलं, तेही तोलून, माशांच्या वजनाच्या हिशोबाने. अर्ध्या तासाने त्यांनी बारीक नळीने तळाला बसलेलं उरलेलं खाद्य आणि विष्ठा ओढून घेतली. मी विचारलं, ‘ताई, एवढं रोज?’ त्या म्हणाल्या, ‘मॅडम, हे तळाला राहिलं तर तुमचं केमिकल त्याला चिकटतं. मग पाण्यात मोजायला काय उरणार?’ मग जाळीने चार मासे काढले, बोटाएवढे, पाठीवर पितळेसारखी झाक. भूल दिलेल्या पाण्यात ते क्षणात शांत झाले. प्रत्येकाला स्वच्छ पाण्यातून काढलं, टिपकागदाने टिपलं, वजन, लांबी, नोंद. दुसऱ्या टेबलावर मासा अख्खाच बारीक करायचा. काटे, आतडी, काही टाकायचं नाही. त्या लगद्याचे दोन भाग: एकातून रसायन मोजायचं, दुसऱ्यातून क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने चरबी काढायची.

चरबी का मोजतात, हे आमच्या प्लांटच्या साहेबांना समजवायला मला तारलीची मदत झाली. मोसमातली तारली तव्यावर टाकली की वरून तेल लागत नाही, ती स्वतःच्या तेलात तळली जाते. बोंबलाचं तसं नाही. आमच्यासारखा तेलकट रेणू तारलीत शिरला तर जास्त साठेल, बोंबलात कमी. मग दोन प्रयोगशाळांच्या माशांची तुलना कशी करणार? म्हणून सगळ्यांचा आकडा पाच टक्के चरबी धरून मांडतात. आमच्या कार्पमध्ये चरबी सव्वासहा टक्के निघाली. (सगळीच रसायनं चरबीत बसतात असं नाही. पीएफओएससारखी फ्लोरिनवाली रसायनं रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना धरून राहतात, तिथे चरबीचा हिशोब कामाला येत नाही. तुमचा पदार्थ त्या जातीचा असेल तर प्रयोगशाळेशी आधीच बोला.)

मग ड्राफ्ट रिपोर्ट आला. मांडणी सुरेख, आलेख स्वच्छ, आणि निष्कर्षाच्या पानावर बीसीएफ बरोबर १०००. आमच्याकडे पेढे वाटायची तयारी झाली. मी म्हटलं, थांबा.

हिशोब असा होता. मासा किलोमागे दिवसाला २०० लिटर पाण्यातलं रसायन उचलत होता. स्वच्छ पाण्यात हलवल्यावर त्याच्यातली मात्रा रोज ०.१६ या दराने उतरत होती. दोनशेला ०.१६ ने भागलं की १२५०. सव्वासहा टक्क्यांवरून पाच टक्के चरबीवर आणलं की १०००. गणित बरोबर. पण दोन्ही टप्पे मिळून झालेल्या ४९ दिवसांत मासे वाढले होते, दीड ग्रॅमचा मासा शेवटी सव्वातीन ग्रॅमचा झाला होता. आमटीत मीठ तेवढंच आणि पाणी वाढवलं तर आमटी अळणी लागते, मीठ काही कुठे गेलेलं नसतं. तसंच हे. मात्रा उतरली त्यातला काही भाग रसायन बाहेर पडल्याचा नव्हता, मासा मोठा झाल्याचा होता. वाढीचा दर ०.०१६ निघतो. तो वजा केला की खरा उतरण्याचा दर ०.१४४, आणि शेवटचा आकडा १०००ऐवजी १,१११.

दोन्ही आकडे २००० च्या खालीच आहेत. निकाल बदलत नव्हता. ऑफिसात एकाने विचारलंही, ‘मग कशाला ताणताय?’ मी ताणलं, कारण २०१२ च्या सुधारित मार्गदर्शिकेत वाढ वगळून काढलेला आकडा द्यायचाच असतो, आणि कारण उद्या एखाद्याचा पदार्थ १९०० वर असेल तर हीच दुरुस्ती त्याला २००० च्या पलीकडे नेऊन बसवेल. स्टडी डायरेक्टरांनी चार दिवसांत दुरुस्ती करून पाठवली, सोबत प्रत्येक माशाच्या वजनाचा कच्चा तक्ता. मागितल्याशिवाय पाठवला, हे मला फार आवडलं. क्यूए (गुणवत्ता तपासणी) विभागाच्या नजरेतून ही गोष्ट आधी सुटली कशी, हा प्रश्न मात्र मी लेखी विचारला आहे आणि उत्तराची वाट बघते आहे.

ही चाचणी कागदावरच्या गणिताने भागत नाही का, असं मला नेहमी विचारतात. आमच्या पदार्थाचा तेल-पाणी गुणांक (पाण्याच्या तुलनेत तेलात किती शिरतो तो आकडा) लॉगमध्ये ५.१ आहे. १९७९ सालचं एक समीकरण आहे, अजून पहिल्या अंदाजाला वापरतात. त्यात हा आकडा घातला की बीसीएफ ४,३०० च्या आसपास येतो. म्हणजे कागदावर आमचा पदार्थ जैवसंचयी होता. प्रत्यक्षात माशाने त्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा थोडं जास्त साठवलं. समीकरणाला माशाचं यकृत दिसत नाही. मासा हा रेणू मोडतो आणि बाहेर टाकतो. उलटही होतं: कागदावर निरुपद्रवी दिसणारा पदार्थ मासा मोडू शकत नाही आणि तो साठत जातो. २०१८ पासून ट्राउटच्या यकृतपेशी काचेच्या नळीत ठेवून मोडण्याचा वेग मोजायच्या ओईसीडीच्या पद्धती आल्या आहेत. त्यांनी जिवंत माशांची संख्या कमी होत जाईल, आणि मला ते मनापासून हवं आहे. या प्रयोगशाळेकडे ती सोय अजून नाही. असायला हवी.

आईला मी हे सगळं सांगितलं, एक हजार एकशे अकरासकट. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग आपल्या खाडीतल्या बोयचं असं मोजतात काय गो?’

नाही मोजत. आपल्या सांडपाण्याच्या मानकात माशाची एक चाचणी आहे: शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तास मासे ठेवायचे आणि नव्वद टक्के जगले पाहिजेत. ती हवीच. पण चार दिवसांत मासा मेला नाही एवढंच त्यातून कळतं. त्याच्या चरबीत काय उतरलं, ते महिनाभरात किती चढेल, हे त्यात येत नाही. आमच्या पदार्थासाठी हे मोजलं गेलं ते गिऱ्हाईक युरोपात होतं म्हणून. कारखाना लोट्यात आहे, पाणी वाशिष्ठीकडे उतरतं, आणि बोय, काळुंदर, चिंबोरी खाणारी माणसं माझी आहेत. मी कंपनीत लेखी प्रस्ताव दिला आहे की युरोपला जाणाऱ्या अहवालाची एक मराठी गोषवारा-प्रत खाडीकाठच्या मच्छीमार सोसायट्यांना द्यावी. साहेबांनी नाही म्हटलेलं नाही.

तर या प्रयोगशाळेकडे पुन्हा जाईन का? हो. टाकीजवळची माणसं उत्तम आहेत, नोंदी खऱ्या आहेत, चुकलं ते लपवलं नाही, आणि युरोपातल्या दोन कोटेशनांच्या निम्म्याहून कमी पैशात काम झालं. कमतरता टाकी आणि ऑफिस यांच्या मधल्या जागेत आहे. तिथे लॉगबुक वाचायला सकाळी एक माणूस बसवला की पाचवा तारा दूर नाही.

आमचा दुसरा पदार्थ पुढच्या महिन्यात त्यांच्याकडेच जातो आहे, हा पहिल्याहून जास्त तेलकट. करारात मुदतीचं कलम घातलं आहे, रोजच्या आकड्याचंही. आणि मासे टाकीत सोडायच्या आदल्या दिवशी मी तिथे असेन, सुटा जोड हातात घेऊन: टेफ्लॉनचा, दोन मीटर, रात्रपाळीच्या कपाटात ठेवायला.